खिंडीपाशी थांबलेला डाव

मी आज जो काही आहे तो ज्या एका माणसामुळे, त्यांचं नाव प्रभाकर वानखडे. अकोल्याच्या जठारपेठेत, राहत्या घरातच, त्यांची दातांची लॅब होती. ते डॉक्टर नव्हते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि त्या मापावरून भाऊ कवळ्या करून देत. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. ते गेल्याला आता दीडेक महिना होत आला. बातमी आली तेव्हा मी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कारखान्यात कापडाचे नमुने तपासत होतो. वहिनींचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा, फोन होता. "सुमेध, भाऊ गेले रे..." एवढंच त्या बोलल्या. गेले कित्येक महिने त्यांच्या प्रत्येक फोनच्या मागे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू यायची. त्या दिवशी ती नव्हती. मला आधी ती शांतता कळली, वहिनींचे शब्द नंतर.

भाऊंबद्दल लिहायचं तर मला एका खेळाबद्दल लिहावं लागेल, आणि तो खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. एका मोठ्या पटावर थर्माकोलचे डोंगर, रंगवलेला ओढा, काड्यांची झाडं मांडायची. त्यावर बोटाएवढी माणसं उभी करायची, आणि त्यांच्या विरुद्ध राक्षस, वेताळ, लांडग्यांवर बसलेले स्वार अशी एक काल्पनिक फौज. एक फौज एकाची, दुसरी दुसऱ्याची. पट्टीनं अंतर मोजून एकेक माणूस पुढे सरकवायचा, गाठ पडली की फासे टाकायचे. बुद्धिबळासारखा विचार आणि सारीपाटासारखं नशीब, असं मी कारखान्यातल्या मित्रांना समजावून सांगतो. या खेळात लढाया नाना प्रकारच्या असतात, पण भाऊ एकच लढाई खेळायचे. वेढ्याची. मधोमध थोडी माणसं अडकलेली, चारी बाजूंनी वेताळांची फौज, आणि पूर्वेच्या कडेला एक खिंड. खिंडीतून निघालात तर सुटलात.

माझे वडील चांदूर रेल्वेला रेल्वेच्या गँगमध्ये होते. रुळांवर आयुष्य गेलं त्यांचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी माझ्या आधी कुणी चढलेलं नव्हतं. बारावी चांदूरला झाली आणि आईच्या नात्यातल्या एका मामांच्या भरवशावर मी बीएस्सीला अकोल्याला आलो. भाऊंच्या लॅबच्या मागे एक खोली होती, ती भाड्यानं मिळाली. पहिल्याच वर्षी मी नापास झालो. सगळी पुस्तकं इंग्रजीत, आणि मला इंग्रजी वाचता यायचं पण उमगायचं नाही. निकालाच्या दिवशी जो भेटला तो कळवळून बोलला. मामा म्हणाले, बिचाऱ्यानं खूप केलं. कॉलेजातले सर म्हणाले, अशा घरातून इथवर आला हेच खूप झालं. मेसमधल्या बाईंनी त्या दिवशी मला न विचारता एक पोळी जास्त वाढली. कुणाचंच काही वाईट नव्हतं, पण मी खोलीवर येऊन ट्रंक भरायला घेतली. सगळ्यांनी मिळून मला सांगितलं होतं की तुझं इथवरच होतं.

ट्रंक अर्धी भरली असेल तेव्हा भाऊ दारात आले. अंगात प्लास्टरनं पांढरा झालेला एप्रन, हातात एक जाड रंगीत पुस्तक.

"काहून बे, इंग्रजी येते का तुले?"

"येते थोडी."

"थोडी मंजे?"

"वाचता येते भाऊ. समजत नाही."

"मले समजते पण वाचता येत नाई," ते म्हणाले. "चाल मंग. दोघाचं मिळून एक माणूस होते."

निकालाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. नंतर कळलं, त्यांना सकाळीच माहीत झालं होतं.

ते पुस्तक या खेळाच्या नियमांचं होतं. भाऊ ज्यांचं काम करत त्या एका डॉक्टरांचा मुलगा पुण्याला शिकायला होता. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या खेळातल्या बऱ्याच बाहुल्यांचे हात, तलवारी, शेपट्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी त्या भाऊंकडे पाठवल्या, तुटलेला दात जोडतात तशा जोडून द्या म्हणून. भाऊंनी जोडून दिल्या, पण देण्याआधी प्रत्येकीचं माप घेऊन ठेवलं. आणि तो मुलगा नव्या पुस्तकाच्या नादात जुनं पुस्तक मागायला विसरला. तेव्हापासून ते पुस्तक लॅबमध्ये पडून होतं आणि भाऊ रोज त्यातली चित्रं बघत होते.

आम्ही ते पुस्तक वाचलं. संध्याकाळी लॅबचं काम आवरलं की मागच्या बाकावर बसायचं, मध्ये शब्दकोश. मी वाक्य वाचायचो, अडलेला शब्द शोधायचो, आणि मग भाऊ त्याचा अर्थ लावायचे. मी म्हणायचो, "इथं लिहिलंय, शत्रू दिसत असेल तरच त्याच्यावर बाण मारता येतो." भाऊ लगेच उठून टेबलावर प्लास्टरचं ढेकूळ ठेवायचे, त्याच्यामागे एक बाहुली ठेवायचे आणि डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघायचे. "दिसून नाई राह्यला. मंजे मारता येत नाई. बरोबर हाय." त्या पुस्तकातलं एक प्रकरण पूर्ण व्हायला आम्हाला पावसाळा लागला. पण ते संपलं तेव्हा मी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदा मला वाक्य कुठून सुरू होतं आणि कुठं वळतं ते दिसलं. हे मी वाढवून सांगत नाही. जे आमच्या घरात माझ्या आधी कुणाला जमलं नव्हतं ते मला एका राक्षसांच्या पुस्तकामुळे जमलं.

फौज भाऊंनी स्वतः केली. आधी मेणाची बाहुली कोरायची, ती पितळेच्या डबीत प्लास्टरमध्ये पुरायची, उकळत्या पाण्यानं मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत कवळीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचं. कवळी करतात अगदी तशीच रीत. त्यामुळे आमची वेढ्यात अडकलेली सगळी माणसं हिरड्यांच्या रंगाची गुलाबी होती. वेताळ नुसत्या प्लास्टरचे, पांढरे फटक. राक्षसांना सुळे हवेत म्हणून भाऊंनी उरलेले कवळीचे दात बसवले होते. एकदा एक म्हातारे पेशंट आपली कवळी न्यायला आले, पटाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वानखडे, त्या मधल्याचे दात माह्यापेक्षा चांगले दिसून राह्यले." भाऊंनी तो राक्षस उचलून त्यांच्या हातात दिला. "घ्या, लावून पाहा."

आणि मग म्हातारी. पुस्तकात अशी कुणी नव्हती. पुस्तकातल्या वेढ्यात फक्त लढणारे होते, शूर आणि देखणे. भाऊंना ते पटलं नाही. "वेढ्यात नुसते शिपाई कुठं असतात बे? म्हातारे असतात, लेकरं असतात, ढोरं असतात. ते सोडून पयाले तर त्याले काय सुटणं म्हणायचं?" त्यांनी एक वाकलेली म्हातारी कोरली, डोक्यावर बोचकं, हातात काठी. बाकीची माणसं एका डावात वीतभर जायची, म्हातारी दोन बोटं. आणि नियम असा केला की किती शिपाई वाचले त्याला किंमत नाही. म्हातारी खिंडीतून बाहेर पडली तरच जिंकलं.

आणखी एक नियम त्यांचाच होता. लॅबमध्ये डॉक्टरांकडून येणाऱ्या प्रत्येक मापाला एक चिठ्ठी बांधलेली असायची. पेशंटचं नाव, दाताचा रंग, काय करायचं ते. भाऊ चिठ्ठीवर लिहिलेलंच करत. नंतर कुणी फोन करून म्हणालं की मी वेगळं सांगितलं होतं, तर ते शांतपणे चिठ्ठी काढून दाखवत. चिठ्ठीशिवाय ते कामाला हात लावत नसत. हीच रीत त्यांनी खेळात आणली. प्रत्येक डावाआधी दोघांनी आपली चाल चिठ्ठीवर लिहायची, घडी घालून समोर ठेवायची. दोघांचं लिहून झाल्याशिवाय कुणी कुणाची उघडायची नाही, आणि उघडल्यावर एक अक्षर बदलायचं नाही. मी तेव्हा वैतागायचो. तोंडानं सांगितलं तर काय बिघडतं, असं विचारलं तर म्हणाले, "तोंडानं सांगताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे पाहते. मंग त्याले बरं वाटंल असं बोलते. कागदाले तोंड नसते."

वेताळांची फौज नेहमी त्यांची, वेढ्यात नेहमी मी. रविवारी दुपारी जेवणं झाली की पट मांडायचा. वहिनी स्वयंपाकघरातून बोलायच्या, "दोघं घोडे बाहुल्या खेळून राहिले, अन् इथं गॅसची टाकी लावाले माणूस नाई." भाऊ म्हणायचे, "लावतो, लावतो, एवढी म्हातारी मरू दे." वहिनी म्हणायच्या, "कोणती? ती का मी?"

आणि म्हातारी मरायची. दर रविवारी. मी सगळ्यात चपळ माणसं पुढे पाठवून खिंड मोकळी करायचो, ती तिथं पोचायची, लढायची, आणि तोवर मागे दोन-दोन बोटं सरकणाऱ्या म्हातारीला लांडगे गाठायचे. भाऊ एकदाही ढिले पडले नाहीत. एखाद्या डावात मला स्पष्ट दिसायचं की त्यांनी एक वेताळ जरा उशिरा हलवला तर मी सुटेन. ते कधीच उशिरा हलवायचे नाहीत. एकदा मी अगदी रडकुंडीला आलो. परीक्षा पुन्हा जवळ आली होती, घरून फोन आला होता की बाबांना बरं नाही. मी म्हणालो, "भाऊ, एखाद वेळी तरी जिंकू द्या ना..."

त्यांनी हातातले फासे खाली ठेवले. मग म्हणाले, "मी सोडलं अन् तू जिंकला, तर तुले समजंल का की समजणार नाई?"

"समजेल."

"मंग कायले मांगून राहिला?"

त्यांनी फासे उचलले आणि पुढचा वेताळ त्याच्या जागी नेऊन ठेवला.

मी सुटलो तो दिवस मला लख्ख आठवतो. त्या रविवारी मी कुणालाच पुढे पाठवलं नाही. सगळ्या माणसांना म्हातारीभोवती उभं केलं आणि सगळ्यांना तिच्या चालीनं चालवलं. दोन बोटं, दोन बोटं. भाऊंनी चिठ्ठी उघडली, माझ्याकडे न बघता पुन्हा वाचली. दुपार सरली, वहिनींनी दोनदा चहा ठेवला आणि दोनदा तो गार झाला. माझी माणसं एकेक करून पडत होती, कडं लहान होत होतं, पण म्हातारी मध्येच होती. शेवटी तिच्यासोबत एक ढोलकीवाला आणि एक बैल राहिला, आणि ते तिघं खिंडीतून बाहेर गेले. मी ओरडलो नाही. मला हात कुठं ठेवावेत तेच कळेना. भाऊंनी पटावरची म्हातारी उचलली, बोटानं तिच्यावरची धूळ पुसली, आणि आत हाक मारली, "अवं, याले काही गोड दे. पोट्टा सुटला आज." त्यांचे डोळे ओले होते. मी त्यांना तसं फक्त त्याच दिवशी पाहिलं.

त्या वर्षी मी पास झालो आणि पुढेही होत गेलो. पदवीच्या दिवशी बाबांनी माझा फोटो काढून घेतला, तो आजही घरी भिंतीवर आहे, आणि फोटोत माझ्या शेजारी सदऱ्याला प्लास्टर लागलेले भाऊ आहेत. पुढे नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात नोकरी लागली, अमरावतीत घर केलं. लग्न झालं, मुलगी झाली. पण महिन्यातून एखादा रविवार मी सकाळच्या एसटीनं अकोल्याला जायचोच. मूर्तिजापूर मागे पडलं की मनात पट मांडायला सुरुवात व्हायची. बायको म्हणायची, "तुमचं माहेर आहे अकोला." खरंच होतं ते.

भाऊंचा खोकला आम्ही कुणी मनावर घेतला नाही. कवळी घासून गुळगुळीत करायची मोटर असते, तिच्यातून प्लास्टरची आणि अ‍ॅक्रिलिकची बारीक धूळ उडते. भाऊंचा मास्क कायम गळ्यात लटकलेला असायचा, नाकावर मी तो क्वचितच पाहिला. मोटर लावली की खोलीत उन्हाच्या पट्ट्यात ती धूळ तरंगताना दिसायची आणि मला ती सुंदर वाटायची... डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक झाली आहेत, आता ती पहिल्यासारखी होणार नाहीत. लॅब बंद झाली. पुढच्या खोलीत खाट आली, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. आणि वहिनींनी, ज्यांनी इतकी वर्षं त्या बाहुल्यांवरून दोघांना बोलून घेतलं होतं, त्यांनीच शेजारच्या पोरांना बोलावून पट खाटेला लागून ठेवून घेतला, भाऊंना पडल्या पडल्या दिसेल असा.

शेवटची भेट झाली तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. चेहरा लहान झाला होता. मी वेताळ मांडायला लागलो, नेहमीसारखे त्यांच्या बाजूला. त्यांनी हातानं थांबवलं.

"आज उलटं," ते म्हणाले. बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "वेताळ तू घे. मी बसतो वेढ्यात."

"काहून भाऊ?" त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा तिकडचीच होते.

"इतके वर्स मी बाहेरून पाह्यलं. आतून कसं दिसते ते पाहू दे ना."

मी गुलाबी माणसं त्यांच्यासमोर मांडली. म्हातारी त्यांनी स्वतः ठेवली, मधोमध. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सुम्या, सोडू नको हां. सोडलं तर मले समजते."

मी हो म्हणालो. हो म्हणणं सोपं होतं.

ते सुरेख खेळले. मला येतो त्याहून फार वेगळा डाव होता त्यांचा. माझ्यासारखं कडं करून चालणं नाही. त्यांनी ढोलकीवाल्याला उत्तरेकडे पाठवलं आणि माझे निम्मे लांडगे त्याच्यामागे धावले, तोवर म्हातारी ओढा ओलांडून आली होती. मी एकदा चुकलो, ती चूक खरी होती, आणि त्यांना ती खरी आहे हेही कळलं, कारण ते हसले. "आता घाबरून राह्यला," म्हणाले. म्हातारी खिंडीपासून एका डावावर आली. पुढच्या डावात ती बाहेर पडणार होती. खिंडीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. पण ओढ्याच्या काठी माझे भालाईत, म्हणजे भाले घेतलेले वेताळ, होते, आणि ते सरकवले तर खिंड बंद होत होती. मला ते दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. त्यांनी चिठ्ठी लिहायला कागद घेतला आणि त्यांना दम लागला. ओठ निळसर झाले. वहिनी धावत आल्या, मशीनचा काटा वाढवला, मला म्हणाल्या, "पुरे आता, भाऊ." त्या मला भाऊ म्हणायच्या तेव्हा खरंच पुरे असायचं.

बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला. मी निघायला उठलो तर त्यांनी मनगट धरलं.

"चाल राह्यली."

"पुढच्या वेळी भाऊ."

"पुढच्या वेळी कधी?"

पुढचे दोन रविवार कारखान्यात माल जायचा होता, सुट्टी मिळणार नव्हती. मी तसं सांगितलं. म्हणालो, फोनवर कळवतो चाल. त्यांनी मान हलवली. "फोन नको. फोनवरचं पुसता येते. चिठ्ठी पाठवजो पोस्टानं. मी इथं माही लिहून ठेवतो. मंग उघडू." मी पटाचा फोटो काढून घेतला आणि निघालो. दारातून वळून पाहिलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते, पटाकडे बघत होते.

अमरावतीला आल्यावर मी तो फोटो किती वेळा उघडला असेल. कारखान्यात डबा खाताना, मुलीचा अभ्यास घेताना. चाल शोधायची नव्हतीच, ती समोर होती. प्रश्न असा होता की ज्या माणसाला खाटेवरून दारापर्यंत जाता येत नाही त्याच्या समोरची वाट मी माझ्या हातानं बंद करू का? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात, जिंकू द्या की त्यांना." कुणीही हेच म्हणालं असतं. मी तशी चिठ्ठी लिहिलीसुद्धा. भालाईत जागेवरच राहतील असं लिहिलं, त्यासाठी एक पटेल असं कारणही लिहिलं. पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं. आणि सकाळी कारखान्यात जाताना पोस्टाच्या पेटीसमोर उभा राहून ते फाडलं. मला मामा आठवले, कॉलेजातले सर आठवले, मेसमधली जास्तीची पोळी आठवली. भाऊंच्या उशाशी मी हे कसं पाठवणार होतो? संध्याकाळी दुसरी चिठ्ठी लिहिली आणि टाकली. त्यानंतर चार दिवस मला नीट झोप लागली नाही.

आणि मग वहिनींचा तो फोन आला.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, वहिनी मला पुढच्या खोलीत घेऊन गेल्या. मशीन परत गेलं होतं. पट होता तसा होता. त्यांनी उशीखालून माझं पाकीट काढून दिलं. ते उघडलेलं नव्हतं.

"आलं त्या दिवशी जरा बरं होतं यायले," वहिनी सांगू लागल्या. "मी म्हटलं, फोडू का? तर नाई म्हणे, आधी माही चिठ्ठी झाली पाह्यजे. कागद मांगतला, तर हात थरथरे. मी म्हटलं, तुमी सांगा, मी लिहून घेते. तर म्हणे, थांब, पाहून राह्यलो. दोन दिवस पाहतच होते बाप्पा त्या म्हातारीकडे..." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मी इचारलं, काय लिहिलं असंल पोरानं? तर म्हणे, खिंड बंद केली असंल. मी म्हटलं, असं कसं? बिमार माणसाची वाट कोणी बंद करते का? तर हसले. म्हणे, तो करंल. दुसऱ्या कोणाले मी चिठ्ठी मांगतली असती का?"

पाकीट हातात जड झालं होतं. भाऊंची चिठ्ठी कुठेच नव्हती, ती लिहिलीच गेली नव्हती. दोन दिवस बघून त्यांना काही दिसलं होतं का, म्हातारीला ते कुठून नेणार होते, हे आता कुणालाच कळणार नाही. ज्यांनी मला प्रत्येक वाक्याचा अर्थ लावून दिला, त्यांचं हे एकच वाक्य माझ्यापुरतं अर्धं राहिलं.

"फोड आता," वहिनी म्हणाल्या. "अन् मोठ्यानं वाच. मलेबी ऐकू दे." खाटेवर बसून, पटासमोर, मी ती वाचली. तीच इथं देतो.

प्रिय भाऊ,

सा. न.

आधी चाल लिहितो. ओढ्याच्या काठचे माझे सगळे भालाईत उजवीकडे सरकून खिंडीच्या तोंडाशी उभे राहतात. टेकडीवरचे वेताळ जागचे हलत नाहीत. लांडगे ढोलकीवाल्याला सोडून ओढ्याकडे परत फिरतात. म्हणजे खिंड बंद.

याआधी मी एक वेगळी चिठ्ठी लिहिली होती. ती वाचून तुम्ही काही बोलला नसता, फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं असतं. ते पाहणं मला सहन झालं नसतं म्हणून ती फाडली.

मी नापास झालो त्या वर्षी सगळे माझ्याशी फार मऊ वागले. तुम्ही मात्र मला दर रविवारी हरवलं. तेव्हा मला तुमचा राग यायचा. तुम्ही मला बरोबरीचा धरत होता, आणि तोवर तसं कुणीच धरलं नव्हतं, हे कळायला मला नोकरी लागावी लागली. समोर बसून हे मला बोलता आलं नसतं आणि तुम्हीही बोलू दिलं नसतं, म्हणून चिठ्ठीत लिहितो. चिठ्ठीतलं तुम्ही खोडत नाही.

खिंड बंद झाल्यावर म्हातारीला दुसरी वाट कुठून आहे ते मला दिसलं नाही. फोटोत मी पुष्कळ शोधली. मला सापडली असती तर ती पण अडवली असती, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्याइतका वेळ मी पटाकडे बघितलेलं नाही.

ही चिठ्ठी तुम्ही वाचताय म्हणजे तुमची लिहून झाली. तुम्ही कुठल्या बाजूनं निघालात ते आता तुम्हाला आणि वहिनींना माहीत आहे, मला नाही. फोन करून सांगू नका. औषधं वेळेवर घ्या, वहिनींवर चिडू नका. मी आल्यावर पटावरच बघतो.

तुमचा,
सुमेध